मान ‘सेन्सेई’चा, करार वर्षाचा

विद्यापीठाची पदवी हाती असलेल्या आणि इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या जगभरातील तरुण-तरुणींसाठी जपानमधील शिक्षकी पेशा हा गेल्या चार दशकांत चांगलाच रुळलेला मार्ग ठरला आहे. त्यासाठी जपानी भाषा येणे बहुतेक ठिकाणी सक्तीचे नसते आणि अध्यापनाची पदविकाही सहसा मागितली जात नाही. शाळेत पाऊल ठेवल्या दिवसापासून मुले या पाहुण्याला ‘सेन्सेई’ म्हणून हाक मारतात. शिक्षक, डॉक्टर, लेखक अशा आदरणीय व्यक्तींसाठी जपानी समाज हा शब्द राखून ठेवतो. त्याच पाहुण्याच्या नियुक्तिपत्रावर मात्र ‘सहायक’ असे पद लिहिलेले असते आणि मुदतीच्या रकान्यात बहुधा एकच वर्ष. मान मोठा आणि मुदत छोटी, या दोहोंच्या मधल्या जागेत परदेशी इंग्रजी शिक्षकाचे जपानमधील रोजचे आयुष्य चालते. तेथे जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ही जागा नीट पारखून घेणे हिताचे ठरते.

कैदेत भरलेला पहिला वर्ग

जपानमधील पहिला इंग्रजी भाषक शिक्षक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो रॅनल्ड मॅकडोनाल्ड हा कैदी होता. वडील स्कॉटिश व्यापारी आणि आई उत्तर अमेरिकेतील चिनूक जमातीची. परकीयांना प्रवेशबंदी असलेल्या जपानच्या किनाऱ्यावर तो १८४८ मध्ये मुद्दाम होडीतून उतरला. त्याला पकडून नागासाकीला नेण्यात आले आणि तेथे नजरकैदेत असतानाच सरकारी दुभाष्यांची त्याच्याकडे शिकवणी सुरू झाली. पाच वर्षांनी अमेरिकी नौदलाचा सेनानी मॅथ्यू पेरी युद्धनौका घेऊन आला, तेव्हा झालेल्या वाटाघाटींत भाग घेणारा मोरियामा एइनोसुके हा दुभाष्या मॅकडोनाल्डचाच विद्यार्थी होता. गुरूला मात्र १८४९ मध्येच देशाबाहेर पाठवण्यात आले होते.

पुढे मेइजी काळात जपानने परदेशी तज्ज्ञांना मोठे वेतन देऊन बोलावले. त्यांच्याकडून शिकायचे, आपली माणसे तयार करायची आणि मग त्यांना निरोप द्यायचा, असे ते उघड धोरण होते. १८९० मध्ये मात्सुए या लहान शहरात इंग्रजी शिकवायला आलेले लाफकादिओ हर्न हे त्या काळातील सर्वांत लाडके नाव. त्यांनी जपानी स्त्रीशी विवाह केला, कोइझुमी याकुमो हे नाव घेतले, देशाचे नागरिकत्व स्वीकारले आणि जपानी लोककथा जगापुढे नेल्या. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील त्यांची नेमणूक मात्र १९०३ मध्ये संपली. त्यांच्या जागी इंग्लंडहून शिकून आलेले नात्सुमे सोसेकी आले. हेच सोसेकी पुढे आधुनिक जपानी साहित्याचे अग्रणी ठरले. परदेशी शिक्षकाला हवाहवासा मानायचे, पण त्याचे स्थान तात्पुरते ठेवायचे, ही रीत इतकी जुनी आहे.

तीन दरवाजे

आज या पेशात शिरण्याचे मुख्यतः तीन दरवाजे आहेत आणि कोणत्या दरवाजाने आत शिरलो यावर पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

पहिला दरवाजा ‘जेट’ या सरकारी योजनेचा. अमेरिकेशी व्यापारी तणाव वाढलेला असताना, जपानी समाज जगाला अधिक खुला व्हावा या हेतूने १९८७ मध्ये ती सुरू झाली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. आता दरवर्षी सुमारे पन्नास देशांतील पाच हजारांहून अधिक व्यक्ती या योजनेत असतात. त्यांत जमैका, दक्षिण आफ्रिका, सिंगापूर आणि फिलिपाइन्स येथील शिक्षकही आहेत. बहुतेकांची नेमणूक सहायक भाषा शिक्षक म्हणून, म्हणजे तेथे रूढ असलेल्या इंग्रजी आद्याक्षरांनुसार ‘एएलटी’ म्हणून होते. करार एक वर्षाचा असतो आणि फार तर पाच वर्षांपर्यंत वाढतो. गाव निवडण्याचा अधिकार उमेदवाराला नसतो. तो पसंती कळवू शकतो, पण टोकियोचे स्वप्न पाहणारा एखाद्या डोंगराळ खेड्यात किंवा दोनच शाळा असलेल्या बेटावर पोहोचणे नेहमीचे आहे.

दुसरा दरवाजा खासगी पुरवठादार कंपन्यांचा. देशातील शाळांत एकूण वीस हजारांच्या आसपास सहायक भाषा शिक्षक आहेत. त्यांपैकी ‘जेट’चे थोडेच. उरलेल्यांपैकी काहींना नगरपालिका थेट नेमतात, तर अनेकांना कंपन्यांमार्फत आणले जाते. या कंपन्यांच्या करारांचेही दोन प्रकार आहेत. एकात शिक्षक शाळेच्या स्वाधीन केला जातो आणि शाळा त्याला सूचना देऊ शकते. दुसऱ्यात कंपनी केवळ ‘तास घेण्याचे काम’ अंगावर घेते. अशा करारात वर्गात शेजारी उभ्या असलेल्या जपानी शिक्षकाने परदेशी सहकाऱ्याला थेट सूचना देणे कायद्याच्या चौकटीत बसत नाही. पाठ बदलायचा असेल तर निरोप कंपनीमार्फत जायला हवा. चाळीस मुलांसमोर हा नियम पाळणे किती अवघड आहे, हे कोणत्याही शिक्षकाला सांगण्याची गरज नाही.

तिसरा दरवाजा ‘एइकाइवा’चा, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खासगी वर्गांचा. रेल्वे स्थानकांच्या आसपास, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर हे वर्ग असतात. तेथील विद्यार्थी म्हणजे शाळकरी मुले, बढतीसाठी परीक्षा देणारे कर्मचारी, परदेशी सहलीची तयारी करणारी निवृत्त जोडपी आणि गप्पा मारायला कोणीतरी हवे म्हणून येणारी एकटी माणसेही.

शाळेतील दिवस

सरकारी माध्यमिक शाळेतील दिवस सकाळी आठच्या सुमारास बुटांच्या कप्प्यापाशी सुरू होतो. बाहेरचे बूट तेथे ठेवायचे आणि शाळेतले वेगळे जोडे घालायचे. शिक्षकांची खोली हे शाळेचे खरे केंद्र असते. इयत्तेनुसार मेजे जोडून लावलेली आणि समोर उपमुख्याध्यापकाची बैठक. सकाळच्या छोट्या सभेत त्या दिवसाचे बदल भराभर सांगितले जातात, अर्थात जपानीत. भाषा न येणाऱ्या सहायकाला ‘आज तिसरा तास रद्द’ ही गोष्ट पुष्कळदा रिकाम्या वर्गात पोहोचल्यावरच कळते.

घंटा होते, वर्गप्रमुख मुलगा किंवा मुलगी आदेश देते, सारे उठून वाकून नमस्कार करतात आणि तास सुरू होतो. माध्यमिक शाळेत तास पन्नास मिनिटांचा, प्राथमिक शाळेत पंचेचाळीसचा. दुपारचे जेवण वर्गातच होते. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुले मोठ्या भांड्यांतून भात, सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठीचे सार, मासा किंवा मांस आणि दूध वाढतात. जेवणाआधी सगळे एकसुरात कृतज्ञतेचे शब्द उच्चारतात आणि शिक्षकही तेच अन्न मुलांच्या बाकावर बसून खातो. भात आणि मासळीवर वाढलेल्या गोमंतकीयाला हे ताट परके वाटणार नाही. कडक शाकाहाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण भाजीच्या रश्शातही बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. अशा वेळी घरून डबा आणण्याची परवानगी मागावी लागते.

जेवणानंतर सफाईची वेळ. मुले जिने पुसतात, स्वच्छतागृहे धुतात, वर्ग झाडतात आणि शिक्षकही हातात फडके घेतात. परदेशातून आलेल्या तरुणाला या वीस मिनिटांत जे शिकायला मिळते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या सेन्सेईशी मुले मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी जिन्यावर आपल्या मांजराचे नाव सांगते. अनुभवी सहायक म्हणूनच जेवणाची आणि सफाईची वेळ चुकवत नाहीत.

संध्याकाळी शाळा सोडताना ‘तुमच्याआधी निघतो, क्षमस्व’ अशा अर्थाचे वाक्य म्हणायचे असते. ते केवळ औपचारिक नाही. सहायक पावणेपाचला निघतो तेव्हा जपानी शिक्षक क्रीडामंडळांच्या सरावाला निघालेले असतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात जपानमधील माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा सरासरी ५६ तासांचा आढळला. सहभागी देशांत तो सर्वाधिक होता. सहायकाबरोबर बसून पाठ आखायला त्यांच्याकडे वेळ का नसतो, याचे उत्तर या आकड्यात आहे. उलट ऑगस्टमध्ये मुलांना सुट्टी असते, तेव्हा ‘जेट’चा सहायक अनेक शाळांत रिकाम्या खोलीत हजेरीपुरता बसून असतो.

फळ्यापुढे दोन शिक्षक

एका वर्गात एक जपानी आणि एक परदेशी असे दोन शिक्षक, ही कल्पना कागदावर उत्तम आहे. जपानी शिक्षकाने व्याकरण समजावायचे आणि परदेशी सहकाऱ्याने ती भाषा जिवंत करून दाखवायची. प्रत्यक्षात अनेक वर्गांत परदेशी शिक्षक धडा मोठ्याने वाचतो, मुले त्याच्यामागून म्हणतात आणि त्याचे काम संपते. या भूमिकेला स्वतः शिक्षकच ‘जिवंत टेपरेकॉर्डर’ म्हणतात.

याचे कारण कोणाच्या आळसात नसून परीक्षेत आहे. माध्यमिक शाळेच्या शेवटी उच्च माध्यमिक प्रवेशाची आणि पुढे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. या परीक्षांचा भर दीर्घकाळ वाचन आणि व्याकरणावर राहिला. विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत श्रवणाचा भाग आला तो २००६ मध्ये. बोलण्याची क्षमता मोजण्यासाठी खासगी चाचण्यांचा आधार घेण्याची योजना २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारला पुढे ढकलावी लागली आणि नंतर ती सोडूनच दिली गेली. खेड्यातील आणि गरीब मुलांना या चाचण्यांचा खर्च व प्रवास परवडणार नाही, हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. टोकियोने २०२२ पासून आपल्या माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी बोलण्याची वेगळी परीक्षा सुरू केली आहे. जी गोष्ट परीक्षेत गुण देत नाही ती शिकवणारा शिक्षक वर्गात पाहुणाच राहतो, हे आपल्याकडील शाळांतही अनोळखी नाही.

दुसरी अडचण उच्चारांची. परकीय शब्द लिहिण्यासाठी जपानीत ‘काताकाना’ ही लिपी वापरतात. देवनागरीप्रमाणे तीही अक्षरांची लिपी आहे, पण ‘न’चा अपवाद सोडला तर पाय मोडलेले व्यंजन तिच्यात जवळपास नाहीच. त्यामुळे ‘डेस्क’चे ‘देसुकु’ होते आणि ‘मॅकडोनाल्ड’चे ‘माकुदोनारुदो’. ‘ल’ आणि ‘र’ यांच्यासाठी एकच ध्वनी असल्याने कमल नावाची शिक्षिका तेथे ‘कामारु’ होईल, आणि वसंतचा बहुधा ‘बासान्तो’. मुले इंग्रजी शब्द चुकीचे उच्चारत नाहीत, आपल्या भाषेत बसवलेले शब्द बरोबर उच्चारतात, हे ज्याच्या लक्षात येते तो शिक्षक कमी चिडतो आणि अधिक शिकवतो.

प्राथमिक शाळेत चित्र थोडे वेगळे आहे. २०११ पासून पाचवी-सहावीत परकीय भाषेचे उपक्रम सक्तीचे झाले. २०२० पासून त्या दोन वर्गांत इंग्रजी हा गुण असलेला विषय झाला आणि उपक्रम तिसरी-चौथीपर्यंत खाली आले. अनेक वर्गशिक्षकांनी स्वतः इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेले नव्हते. तेथे ‘सहायक’ म्हणून आलेला परदेशी पाहुणाच पुष्कळदा पूर्ण तास चालवतो. पद तेच, वेतन तेच. जबाबदारी मात्र मुख्य शिक्षकाची.

रात्री नऊपर्यंतचे वर्ग

संभाषण वर्गातील शिक्षकाचे घड्याळ उलटे असते. काम दुपारी सुरू होते आणि रात्री नऊच्या सुमारास संपते. शनिवार हा सर्वांत गर्दीचा दिवस. तासांमध्ये पाच-दहा मिनिटांचे अंतर, आधी चार वर्षांची बालके, मग शाळकरी मुले आणि दिवसाअखेरीस थकून आलेले कर्मचारी. येथे विद्यार्थी हा ग्राहकही असतो. पहिला विनामूल्य तास चांगला झाला तर प्रवेश मिळतो, म्हणून शिक्षकाचे हसू हाही व्यवसायाचा भाग होतो.

या व्यवसायाची कमकुवत बाजू २००७ मध्ये उघडी पडली. ‘नोव्हा’ ही त्या वेळची देशातील सर्वांत मोठी साखळी. विद्यार्थ्यांनी शेकडो तासांचे पैसे आगाऊ भरलेले असत. करार मध्येच सोडणाऱ्यांना परतावा देण्यावरून सरकारने कारवाई केली, पाठोपाठ पगार थकले आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितले. सुमारे चार हजार परदेशी शिक्षक एकाएकी उघड्यावर आले. अनेकांची घरे कंपनीच्या नावावर होती. पगारातून भाडे कापले गेले होते, पण ते घरमालकापर्यंत पोहोचलेच नव्हते. नोकरी, घर आणि व्हिसा या तिन्ही किल्ल्या एकाच मालकाच्या जुडग्यात असल्या की काय होते, याचा हा धडा होता.

घर, कचरा आणि थंडी

घर भाड्याने घेताना अनामत रकमेखेरीज घरमालकाला ‘आभाराची रक्कम’ देण्याची प्रथा अनेक भागांत आहे. ती परत मिळत नाही. शिवाय हमीदार लागतो. परदेशी भाडेकरू नको म्हणणारे घरमालक आजही आढळतात. ‘जेट’च्या शिक्षकाला या साऱ्यात स्थानिक शिक्षण मंडळाची मदत होते. खासगी वर्गात लागलेल्याला मात्र कंपनीने दिलेली खोलीच सोयीची वाटते.

शेजाऱ्यांशी पहिली ओळख बहुधा कचऱ्यावरून होते. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद असे वर्गीकरण, प्रत्येकाचा ठरलेला वार आणि अनेक गावांत ठरावीक पिशव्या. चूक झाली की पिशवी सूचनापट्टीसह जागच्या जागी राहते. गावात परदेशी एकच असेल तर ती कोणाची, हे शोधावे लागत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास अनेक गावांत ध्वनिक्षेपकावरून एखादी बालगीताची धून ऐकू येते. मुलांनी घरी परतावे याची ती खूण आणि आपत्तीचा इशारा देणारी यंत्रणा चालू असल्याची चाचणीही.

उष्ण प्रदेशातून गेलेल्याला खरा हिसका देते ती थंडी. जुन्या घरांच्या भिंती पातळ असतात आणि सगळे घर एकत्र तापवण्याची व्यवस्था सहसा नसते. केरोसीनची शेगडी आणि खाली विजेचा तापक बसवलेले, रजई पांघरलेले बुटके मेज यांच्याभोवतीच हिवाळा जातो. खेड्यात मोटारीवाचून अडते आणि आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्षच चालतो. एकटेपणाचा प्रश्न याहून अवघड. भाषा येत नसेल तर संध्याकाळी शाळेचे दार बंद झाल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत एका शब्दाचीही देवघेव होत नाही, असे दिवस जातात. ज्यांनी गावातील ढोलपथक, तलवारबाजीचा आखाडा किंवा स्वयंपाकाचा वर्ग गाठला, त्यांचे दिवस सुसह्य झाले.

येनचा हिशेब

‘जेट’चे पहिल्या वर्षाचे वेतन दीर्घकाळ ३३ लाख ६० हजार येन होते. एप्रिल २०२५ पासून ते ४० लाख २० हजार येन करण्यात आले. खासगी कंपन्यांत महिन्याला दोन ते अडीच लाख येन हे आकडे सर्रास दिसतात आणि शाळेला सुट्टी असलेल्या महिन्यांत पगार कमी करण्याची अट अनेक करारांत असते. महिन्याचा आकडा पाहून वर्षाचा हिशेब करणारे येथे फसतात.

दुसरा धक्का स्थानिक रहिवासी कराचा. तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर, जूनपासून आकारला जातो. पहिल्या वर्षी काहीच कापले जात नाही आणि दुसऱ्या वर्षी तीच नोकरी, तोच पगार असताना हातात येणारी रक्कम घटते. आरोग्य विम्यात उपचारखर्चाचा ३० टक्के वाटा रुग्णाने भरायचा असतो, हा मोठा आधार आहे. मात्र मालकाने विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचा अर्धा भार उचलायचा की नाही, हे कामाच्या तासांवर ठरते. त्यामुळेच कित्येक करारांत आठवड्याचे तास तीसच्या किंचित खाली, साडेएकोणतीस असे लिहिले जात. ओसाका आणि टोकियोतील परदेशी शिक्षकांच्या कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे ज्या प्रश्नांवर लढा दिला, त्यांत हा एक प्रमुख आहे.

भारतीयांसाठी एक तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. जपानी निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षे लागतात आणि ती मोजताना दोन्ही देशांतील अंशदानाचा काळ एकत्र धरता येतो. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावाही मागता येतो, पण तो घेतला की जपानमधील तो काळ हिशेबातून पुसला जातो.

पाहुणा कधी शेजारी होतो?

बाविसाव्या वर्षी वर्षभराचा करार ही मौज असते. पस्तिसाव्या वर्षी, घरात मूल असताना, तोच करार ही टांगती तलवार होते. नगरपालिकेने थेट नेमलेल्या शिक्षकाची नेमणूकही २०२० पासूनच्या नव्या पद्धतीत बहुधा आर्थिक वर्षापुरती असते. खासगी मालकाकडे सलग पाच वर्षांहून अधिक काळ काम केल्यावर कायम मुदतीचा करार मागण्याचा हक्क २०१३ च्या कायद्याने दिला. सरकारी नेमणुकांना मात्र तो लागू नाही. विशेष म्हणजे या शिक्षकाचे काम वर्षांनुसार वाढत नाही. दहाव्या वर्षीही तो पहिल्या वर्षीच्याच पदावर, ‘सहायक’.

या चक्रातून बाहेर पडण्याच्या वाटा आहेत आणि त्या बहुतेक जपानी भाषेतून जातात. काही जण प्रांतीय शिक्षण मंडळाचा विशेष अध्यापन परवाना मिळवून पूर्ण शिक्षक होतात, काही पदव्युत्तर शिक्षण घेऊन विद्यापीठाकडे वळतात, तर काही पेशाच बदलतात. मूळ महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. जपानी भाषेवर पकड मिळवून, माहिती तंत्रज्ञान आणि बँकिंग क्षेत्रात नोकरी करून त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले. २०१९ मध्ये ते टोकियोतील एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतात सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. शाळेच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचलेली ही वाट इंग्रजीच्या सहायक पदावरून सुरू झालेली नव्हती, हे ध्यानात घ्यायला हवे.

तरीही करारात न मावणारे काही या आयुष्यात असते. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत ‘जेट’चे दोन अमेरिकी शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक तरुणी इशिनोमाकी येथे शिकवत होती. भूकंपानंतर मुले पालकांच्या हाती सुखरूप जाईपर्यंत ती शाळेत थांबली, सायकलवरून घराकडे निघाली आणि लाटेने तिला गाठले. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने तेथील शाळांना पुस्तके दिली. ती पुस्तके ठेवण्याची कपाटे बनवणाऱ्या स्थानिक सुताराने त्याच त्सुनामीत आपली मुले गमावली होती.

सही करण्यापूर्वी

गोव्यातील इच्छुकाने सर्वांत आधी आपली शालेय प्रमाणपत्रे काढून बसावे. शाळांतील सहायक भाषा शिक्षकासाठी जो व्हिसा लागतो, त्यात संबंधित भाषेच्या माध्यमातून बारा वर्षे शिक्षण झालेले असावे, अशी अट आहे. पहिली ते चौथी मराठी किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून इंग्रजीतून, हा आपल्याकडील अनेकांचा मार्ग. पाचवी ते बारावी ही आठच वर्षे होतात आणि पदवीची तीन धरली तरी अकरा. ही बेरीज अर्ज करण्याआधी झालेली बरी. संभाषण वर्गांसाठीचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा असतो. त्यामुळे एका दरवाजातून दुसऱ्यात जाताना केवळ मालक बदलून भागत नाही, व्हिसाचा प्रकारही बदलून घ्यावा लागतो.

त्यानंतर करारातील काही ओळी शोधाव्यात. सुट्टीच्या महिन्यांत पगार किती? आठवड्याचे तास किती आणि विमा कोणता? घर कोणाच्या नावावर? वर्गात सूचना कोण देणार, शाळा की कंपनी? मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा निर्णय कोणत्या महिन्यात कळणार? ‘जेट’च्या शिक्षकांत ‘प्रत्येकाची परिस्थिती वेगळी’ हे वाक्य इतके रुळले आहे की त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘ईसिड’ असा शब्दच झाला आहे. त्यामुळे आधी जाऊन आलेल्याचा अनुभव ऐकावा, पण त्याच्या गावावरून आपल्या गावाचा अंदाज बांधू नये.

आणि जपानी शिकायला सुरुवात विमानात बसण्यापूर्वीच करावी. इंग्रजी ही त्या शाळेत प्रवेशाची चिठ्ठी आहे. सकाळच्या सभेत काय ठरले, शेजारीण कचऱ्याच्या पिशवीवरून काय म्हणाली आणि नूतनीकरणाच्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, हे मात्र जपानीतच कळते. निरोपाच्या दिवशी मुले एका जाड पुठ्ठ्यावर गोलाकार संदेश लिहून देतात. बहुतेक ओळी जपानीत असतात. त्या कोणाकडून वाचून न घेता स्वतःच वाचता येणे, इतके तरी प्रत्येक सेन्सेईने तेथे असताना साध्य करावे.